पैसे भरून पाहुणे

मे महिन्यात पारा 43-44 वर जाऊन बसला, की सोलापुरातल्या घराघरांत एक ठराव एकमताने मंजूर होतो : यंदा कुठं तरी जायचं. पूर्वी हे ‘कुठं तरी’ ठरलेलं असायचं. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, फार तर गाणगापूर. आमचं गाव वसलंच अशा जागी आहे की कुठल्याही दिशेला गाडी हाणली तरी दोनेक तासांत देव लागतो, आणि देव लागला की भक्तनिवास लागतं. भक्तनिवासात कसं वागायचं हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. चपला दाराबाहेर, पहाटे आरतीला हजर, पंगतीत पानात पडेल ते गोड मानायचं आणि खोलीतला पंखा फिरत नसला तर तोही प्रारब्धाचा भाग समजायचा. तक्रार करणार कुणाकडं? स्वामींकडं?

अलीकडं हा ठराव कोकणच्या बाजूला वळलाय. समुद्र, माडाची झाडं, निळ्या फरश्यांचा पोहण्याचा तलाव, दोन रात्री तीन दिवस, नाश्ता धरून. रिसॉर्ट म्हणतात त्याला. आणि तिथं आमच्या माणसाची पंचाईत झाली आहे. देवाच्या दारी तो भक्त होता, मामाच्या दारी पाहुणा होता. पैसे भरून ज्या दारात उभं राहायचं, तिथं आपण नेमके कोण, याचा उलगडा त्याला अजून झालेला नाही. त्यामुळं तो दिवसभर मालकासारखा वागतो, जेवताना पाहुण्यासारखा रुसतो आणि निघताना भक्तासारखा प्रसाद शोधतो.

पहिलं भांडण घड्याळाशी. सोलापूरहून कोकण म्हणजे रात्रीचा प्रवास. जेवणं आटोपून नऊला टेम्पो ट्रॅव्हलर निघते आणि पहाटे सहाला रिसॉर्टच्या फाटकात हजर होते. खोली मिळणार दुपारी एकला. आता पाहुणा पहाटे दारात आला, तर दार उघडून आधी चहा टाकायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. ‘एक वाजता या’ हे वाक्य आम्ही आजवर फक्त सरकारी कचेरीत ऐकलेलं. मग लॉबीचा फलाट होतो. पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर पोरं आडवी पडतात, काका कुंडीतल्या पामच्या मुळाशी चूळ भरतात, आक्का खांबाआड वेणी घालतात. आधी फोन करून विचारायला काय जातं, असं कुणी म्हणेल. पण फोन केला तर समोरचा ‘नाही’ म्हणू शकतो आणि न कळवता दारात उभं राहिलं तर कुणी परत पाठवत नाही, हे शास्त्र आम्ही नातेवाइकांवर प्रयोग करून सिद्ध केलेलं आहे.

मग शिरगणती. खोलीत दोन मोठी माणसं आणि पाच वर्षांखालचं एक मूल, असा नियम काउंटरवर काचेखाली असतो. एसटीने अर्ध्या तिकिटाला पाच ते बारा अशी अट घातल्यापासून महाराष्ट्रातली मुलं बरीच वर्षं साडेचारची असतात, आणि तिथून एकदम साडेअकराची होऊन मिसरूड फुटेस्तोवर तिथंच थांबतात. काउंटरवरचा मुलगा हुशार असला तर आईला वय विचारत नाही. पोराच्या हातात चॉकलेट ठेवून ‘कितवीत आहेस?’ म्हणतो. पोरगं अभिमानानं ‘तिसरीत, सेमी इंग्लिश’ सांगतं आणि वडील भिंतीवरचं समुद्राचं चित्र निरखू लागतात.

जादा गादीचे पैसे वेगळे पडतील, हे सांगून मात्र आम्हाला घाबरवता येत नाही. ज्यांच्या गावच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्यांना गादीची काय भीती! टेम्पोतून गाठोडं निघतं. सोलापुरी चादरीचा गुण असा की ती अंथरली की खालची जमीन आपली होते. सहलीला, लग्नाच्या जानवशाला, दवाखान्यात पेशंटजवळ, वारीत वाळवंटावर, कुठंही. जोडप्यासाठी म्हणून घेतलेल्या खोलीत रात्री अकराला सात माणसं ओळीनं झोपलेली असतात, आणि मधल्या डबलबेडवर एकट्या आजी. त्याही कुरकुरत, की गादी फार लुसलुशीत, पाठ धरली.

पाण्याचं प्रकरण मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी येतं उजनी धरणातून, शंभराहून अधिक किलोमीटरच्या पाइपलाइनमधून, आणि वाटेत ती कुठं फुटली की शहराच्या दिनदर्शिकेत बदल होतो. आमच्याकडं बायकांना तिथी-वार विचारला तर त्या पाण्याच्या पाळीवरून हिशेब लावतात. अशा गावातला माणूस रिसॉर्टच्या तलावाकडं पाहतो, तेव्हा त्याला पोहावंसं वाटत नाही. त्याला बादली आठवते.

आमच्या आक्का पहिल्या संध्याकाळी काठावर बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, ‘‘एवढ्यात आपल्या गल्लीचा महिना निघतो की ओ.’’ तलावाच्या फलकावर अकरा सूचना होत्या. नायलॉनचा पोहण्याचा पोशाख घाला, आधी शॉवर घ्या, उड्या मारू नका, साडी नेसून उतरू नका. पोहायच्या आधी आंघोळ, हे आक्कांना पटलं नाही. आंघोळ करून पुन्हा पाण्यात उतरायचं म्हणजे पाणी दोनदा नासायचं. साडीचं कलम तर त्यांनी वाचूनच सोडून दिलं. उभा जन्म चंद्रभागेत साडी नेसून डुबकी मारलेल्या बाईला पाण्यात उतरण्याच्या पोशाखाबद्दल कोण शिकवणार? त्या पायऱ्यांवर बसल्या, दोन्ही हातांनी पाणी डोक्यावर घेतलं, काही तरी पुटपुटल्या आणि वर येऊन म्हणाल्या, ‘‘औषध फार घातलंय.’’ जीवरक्षकाने शिट्टी वाजवायला तोंडाशी नेली होती. ती तिथंच राहिली. स्तोत्र चालू असताना शिट्टी कशी वाजवायची, हे त्याच्या प्रशिक्षणात नसावं.

पुरुषांचं वेगळं. त्यांच्या मते बर्म्युडा हा नायलॉनचाच असतो आणि बनियन हा पोशाखात मोजत नाहीत. काठावर बसून पाय सोडायचे, भिजलेल्या हातानं भजी खायची, आणि भज्यांचा कागद फिल्टरच्या तोंडाशी जाऊन अडकला की ‘अरे, इथं कचरा साठतोय, बघा जरा,’ म्हणून कर्मचाऱ्याला दाखवायचा. या शेवटच्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. पण काकांना सांगणार कोण? टेम्पोचं बुकिंग त्यांनी केलेलं.

खरी कमाल रात्री झाली. झोपायच्या आधी आक्कांनी सवयीनं पाणी भरून ठेवलं. सकाळी येईल न येईल. बादली भरली, तांब्या भरला, चहाची किटली भरली, चार ग्लास भरले, कोऱ्या कचरापेटीतून पिशवी काढून ती भरली आणि वर बशी झाकली. बर्फाचं भांडं कशाचं आहे हे न विचारता भरलं. सकाळी खोली साफ करायला आलेल्या ओडिशाच्या मुलाने दारातूनच विचारलं की नळाला काही तक्रार आहे का. ‘‘नळ लई चांगला आहे बाळा,’’ आक्का म्हणाल्या, ‘‘म्हणून तर भरलं.’’

न्हाणीघरात रिसॉर्टने एक हिरवं कार्ड ठेवलेलं असतं. पाणी वाचवा, पृथ्वी वाचवा. टॉवेल दांडीवर टाकलात तर आम्ही समजू की तो पुन्हा वापरणार आहात. हे कार्ड वाचून सोलापूरकराला गहिवरून येतं. आयुष्यात पहिल्यांदा एक नियम असा भेटतो, जो तो जन्मापासून पाळत आलाय. अडचण एवढीच, की आमच्याकडं दांडीवर टाकलेला टॉवेल दात घासेस्तोवर पापडासारखा वाळतो, आणि कोकणात तो सोमवारी टाकला तर बुधवारी जास्त ओला लागतो.

आता जेवण. पाहुणचारात आम्ही कमी नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे गड्ड्याला, घरं अशी भरतात की कोण कुणाकडचं हे तिसऱ्या दिवशी कळतं, आणि तोवर त्या माणसाचं खाणं, झोपणं, दाढी सगळं झालेलं असतं. शहर चार भाषांचं, त्यामुळं आग्रहही चार भाषांत. ‘घ्या की ओ’नं भागलं नाही तर कानडीत ‘ऊटा माडरी’, शेजारून तेलुगूत ‘तिनंडी’, आणि तरीही कुणी ऐकलं नाही तर दखनी हिंदीत दम. अशा गावात वाढलेल्याला पाहुणा म्हणून एकच धडा मिळालेला असतो : आधी नको म्हणायचं. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नकोच, तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा, पण बोटं जरा फाकवून.

रिसॉर्टचा बुफे या धड्यावर पाणी ओततो. तिथं पदार्थ मांडून ठेवलेले असतात आणि घ्या म्हणायला कुणी नसतं. आमचे एक मामा पहिल्या रात्री अर्धपोटी उठले. दोनदा टेबलाजवळून चक्कर मारली, कुणी ‘बसा, वाढतो’ म्हटलं नाही. त्या अपमानाचं उट्टं त्यांनी सकाळी काढलं. ताटात इडली, इडलीवर पोहे, पोह्यांना टेकून ऑम्लेट, त्याच्या आडोशाला पेस्ट्री आणि शिखरावर कलिंगडाची फोड, घसरू नये म्हणून अंगठ्यानं दाबलेली. निम्मं टाकलं. घरी पानात शीत टाकू न देणारा माणूस. विचारलं तर म्हणाले, ‘‘पैसे भरल्यात की!’’ माझा अंदाज असा, की अन्नाला आम्ही पूर्णब्रह्म मानतो ते कुणी तरी वाढलं तरच. चिमट्यानं उचललेल्या अन्नात ब्रह्म उतरत नाही.

2019 च्या जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्श्टाडच्या एका हॉटेलने खास भारतीय पाहुण्यांसाठी लावलेली सूचना समाजमाध्यमांवर फिरली होती. न्याहारीतले पदार्थ बरोबर नेऊ नका, व्हरांड्यात आणि बाल्कनीत आवाज करू नका, अशी. देशभर राग उसळला. एकाच देशाचं नाव घालून फलक लावणं उद्धटपणाचंच होतं, त्यात शंका नाही. पण आमच्या घरात ती सूचना मोठ्यानं वाचली गेली तेव्हा आक्कांना राग नाही, नवल वाटलं. ‘‘तिथनं काय न्यायचं बाई? आपण घरून नेतो की.’’

हे अक्षरशः खरं. सोलापूरकर रिसॉर्टमधून खाणं बाहेर नेत नाही, तो बाहेरचं आत आणतो. कडक भाकरीची चवड, कारण ती महिनाभर टिकते, आणि शेंगाचटणी, कारण तिच्याशिवाय समोरचं अन्न हे अन्न आहे की नाही याची खात्री पटत नाही. ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’ हा फलक आमच्या टेबलाच्या बरोबर वर होता. आक्कांनी त्याच्याखाली डबा उघडला. कॅप्टन लगबगीनं आला आणि अदबीनं फलकाकडं बोट दाखवलं. त्यांनी फलक वाचला, मान डोलावली आणि म्हणाल्या, ‘‘बरोबर हाय. पदार्थ आणू नये. ही चटणी हाय.’’ तो बिचारा व्यवस्थापकाला विचारायला आत गेला. बहुधा अजून विचारतोय. बुफेत त्या दिवशी ‘मिलेट कॉर्नर’ही होता. जगानं 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळल्यापासून ज्वारीलाही मोठ्या हॉटेलांत निमंत्रण असतं. पुरीएवढी भाकरी, वर लोण्याचा ठिपका, शेजारी इंग्रजीत नाव. मालदांडी ज्वारीच्या मुलखातल्या आक्कांनी ती उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि लहान मुलाला पाळण्यात ठेवावं तशी परत ठेवली. बुफेतलं उचललेलं परत ठेवू नये, हा शिष्टाचार त्यांना सांगायची आमची छाती झाली नाही.

आवाजाबद्दल थोडक्यात. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला हळू बोलणं शरीरानंच जमत नाही. तो कानात सांगतो तेव्हा शेजारच्या खोलीत कळतं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा कायदा 2000 सालापासून आहे, म्हणून आम्ही दहाला स्पीकर बंद करतो आणि अंताक्षरी सुरू करतो. अंताक्षरी कायद्यात नाही.

या सगळ्याची परतफेड थंडीत होते. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या रानात हुरड्याचे दिवस येतात. पूर्वी हुरड्याला शेतकरी बोलवायचा. आगटी पेटवायची, शेण्यांच्या विस्तवात कणसं भाजायची, तळहातावर चोळून गरम दाणे पाहुण्याच्या ओंजळीत टाकायचे, जोडीला चटणी, गूळ, दही. आपण फक्त बसायचं आणि तोंड भाजून घ्यायचं. निघताना पिशवी बांधून मिळायची, ती मागायची नाही. आता माणशी दर लावून हुरडा पार्टी असते आणि पुण्याहून गाड्या येतात. नात्यातल्या एकानं रस्त्याकडेच्या शेतात असं केंद्र काढलं, तिथं मी एक रविवार मदतीला होतो. पाहुणे सकाळी सातला दारात; वेळ दहाची दिलेली. मुलं सगळी पाचच्या आतली. एक साहेब उभ्या ज्वारीत शिरून दोन्ही हात पसरून फोटो काढून घेत होते, पाठीमागं ताटं मोडत होती. एक बाई आगटीसमोर बसून चमचा मागत होत्या. काही मंडळींनी घरून ढोकळा आणला होता. आणि हुरडा ‘अनलिमिटेड’ आहे म्हटल्यावर एका काकांनी ओंजळीमागून ओंजळी घेऊन शेवटी निम्मा मातीत टाकला. आमचे मामा हे सगळं बांधावरून पाहत होते. ‘‘काय माणसं असत्यात बे!’’ ते म्हणाले. ‘‘पैसे भरले म्हणून काय झालं?’’ कुणीच काही बोललं नाही. मामांचा चेहरा निर्मळ होता.

केंद्रवाल्या नातलगानं पुढच्या रविवारी फलक लावला. त्यात सात नियम होते आणि शेवटचा असा : ‘हुरडा पार्सल मिळणार नाही.’ तरी जाताना प्रत्येक गाडीत तो पिशवी ठेवतच होता. फलक बायकोनं लावायला लावला होता.

आणि टॉवेल. हॉटेलात उतरलेल्या माणसाची जगभर परीक्षा होते ती टॉवेलवर. 2019 च्या त्याच जुलैत बालीच्या एका हॉटेलाबाहेर भारतीय कुटुंबाच्या बॅगा उघडल्या गेल्या, आणि टॉवेल, हँगर, केस वाळवायचं यंत्र असं काय काय बाहेर आलं, त्याची चित्रफीत साऱ्या देशानं मान खाली घालून आणि तरीही दोनदा पाहिली. पण हा काही आपल्या एकट्यांचा गुण नाही. अमेरिकेत हॉलिडे इन या हॉटेल साखळीनं 2003 मध्ये टॉवेल नेलेल्या पाहुण्यांसाठी चक्क माफीचा दिवस पाळला होता. तुमची टॉवेलची गोष्ट सांगा, आम्ही माफ करतो. पुढं काही हॉटेलांनी टॉवेलच्या शिवणीत धुतली तरी न मरणारी चिप बसवली. म्हणजे पाहुणा फाटकाबाहेर पडला की टॉवेलच चुगली करतो.

आपल्याकडं मात्र या गुन्ह्याला एक सांस्कृतिक बाजू आहे, ती कुणी विचारात घेत नाही. मराठी माणसाला मान म्हणून काय देतात? टॉवेल-टोपी. लग्नात व्याह्याला, गावात सत्कारमूर्तीला, बारशाला आलेल्या मामाला. निघताना पाहुण्याच्या खांद्यावर टॉवेल नसेल, तर यजमानानं त्याला कोरडाच वाटेला लावला म्हणतात. मग दोन रात्री राहून निघालेल्या पाहुण्यानं खोलीतला टॉवेल मानाचा समजून घेतला, तर त्याच्या अंगी संस्कार जास्त आहेत इतकंच. टोपी तर रिसॉर्टनं बिलातून घातलेलीच असते.

सोलापूरकराचं त्यातही निराळं. या गावात 1877 साली पहिली कापड गिरणी उभी राहिली. गिरण्या गेल्या, माग राहिले, आणि आज चादरीइतकाच इथला टर्किश टॉवेल देशा-परदेशांतल्या हॉटेलांत जातो. त्यालाही मानांकन आहे. त्यामुळं आमचा माणूस रिसॉर्टच्या खोलीत शिरला की समुद्र कुठल्या खिडकीतून दिसतो हे पाहत नाही. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला असतो, त्याची मान धरून तो उलगडतो आणि दोन बोटांत चिमूट घेतो. टॉवेलच्या मागावर ताण्याचे दोन बीम असतात, एक कसून ताणलेला, एक सैल सोडलेला. सैल धाग्याचे लूप उभे राहतात आणि पाणी पितात. ते लूप विरळ पडले, की हाताला लगेच कळतं. ‘‘चारशे जीएसएमसुद्धा नाही,’’ आमचे एक नातलग म्हणाले. त्यांचे अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत माग आहेत. चौरस मीटरला चारशे ग्रॅम म्हणजे त्यांच्या लेखी पायपुसणं. त्यांनी काठ पाहिला, शिवण पाहिली, कोपऱ्यात विणलेलं रिसॉर्टचं नाव पाहिलं आणि खालच्या आवाजात, म्हणजे सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘आपला माल नव्हे. फसवलंय ह्यांना कुणी तरी.’’ पुढचे दोन दिवस त्यांची सहल अशी झाली की लोक समुद्रावर आणि हे चादरी-टॉवेलांच्या कोठीत. कोण पुरवतो, काय भावानं, किती धुण्यात फाटतो. रिसॉर्टच्या माणसांना असा पाहुणा पहिल्यांदाच भेटला असावा, ज्याला टॉवेल न्यायचा नव्हता, द्यायचा होता.

निघायच्या दिवशी बाराला चेक-आउट. आम्ही पावणेदोनला काउंटरवर पोचलो. वरून फोन आला, की खोली तपासून होईपर्यंत थांबायला सांगा. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. व्यवस्थापक वर गेला, खाली आला, संगणकात पाहिलं, पुन्हा वर गेला. मागे उभ्या असलेल्या पुण्याच्या एका जोडप्यानं आमच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की काकांनी आपणहून बॅग उघडायला घेतली. शेवटी व्यवस्थापक म्हणाला, ‘‘सर, टॉवेल मोजणीत बसत नाहीत.’’

‘‘किती कमी?’’

‘‘एक जास्त आहे.’’

संगणकात कमीचा रकाना होता, जास्तीचा नव्हता. सगळ्यांनी आक्कांकडं पाहिलं. त्या शांतपणे कडक भाकरीची उरलेली चवड ओडिशाच्या मुलाच्या हातात देत होत्या, चटणीच्या पुडीसकट. ‘‘तुमचे टॉवेल पातळ होते बाळा,’’ त्या व्यवस्थापकाला म्हणाल्या, ‘‘म्हणून माझा घरचा एक नवा ठेवलाय. दोन दिवस राहिलो तुमच्याकडं, रिकाम्या हातानं कसं जायचं? आणि तुम्ही एकदा गड्ड्याला या. हॉटेलात उतरायचं नाही. घरी यायचं.’’

‘‘किती वाजता आलं तर चालेल, मावशी?’’ त्यानं विचारलं.

‘‘एकच्या आधी नको,’’ काका मागून म्हणाले.